शेपटीचा पंखा आणि औशाची वरात

"आमचा नवरदेव आभाळातून उतरणार!" अर्धापूरचे केळीचे व्यापारी भीमाशंकर अप्पांनी औशात, भर साखरपुड्यात हे जाहीर केलं आणि पंगतीतले घास हातातल्या हातात थांबले!

अप्पांनी गेल्या वर्षी एक जुनं हेलिकॉप्टर विकत घेतलं होतं. ते लातूरच्या विमानतळावर उभं असायचं आणि भाड्यानं लग्नांना जायचं. आता तर घरचंच लग्न, थोरल्या राघवेंद्रचं! पत्रिकेवर छापलं, 'नवरदेवाचे हवाई आगमन, सकाळी साडेदहा'. वधूपिता चन्नबसप्पा गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मांडवाशेजारच्या वावरात पांढऱ्या फक्कीनं हेलिपॅडचं वर्तुळ आखलं आणि मधला 'एच' स्वतः गिरवला, तोही वळणदार!

लग्नाच्या आदल्या दुपारी हेलिकॉप्टरचे इंजिनिअर तय्यबभाई एक कागद घेऊन आले.

"मालक, विमान खात्याचा सक्तीचा आदेश आलाय. या मॉडेलच्या शेपटीच्या पंख्याचे दोन बोल्ट बदलल्याबिगर उडवायचं न्हाई."

"शेपटीचाच ना? वरचा मोठा पंखा तर धडधाकट हाय!"

"शेपटीचा पंखा गेला की सगळं हेलिकॉप्टर भोवऱ्यावानी गरगर फिरतंय, मालक."

"मग बसवा की बोल्ट! मोंढ्यात पोतंभर मिळतील!"

"हे परदेशातून येतात. आठ दिवस तरी लागतील."

"अहो, एकच फेरी! औसा म्हंजे काय, उडालं की टेकलं. उडायला हरकत न्हाई म्हणून करा सही!"

तय्यबभाईंनी पेन खिशात ठेवलं. "आत राघवेंद्र बसणार हाय, मालक."

अप्पांनी कागद खाली ठेवला. पोराला फोन लावला, "जेवलास का?" एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. मग पुन्हा कागद उचलला आणि एकदम डोळे चमकले!

"तय्यबभाई, यात 'उडवायचं न्हाई' लिहिलंय. 'न्यायचं न्हाई' असं कुठं लिहिलंय?"

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी लातूर-औसा रस्त्यावर एक लांबलचक ट्रेलर निघाला. वर दोरखंडांनी आवळलेलं हेलिकॉप्टर, आत बाशिंग बांधलेला, कानाला हेडफोन लावलेला राघवेंद्र! ड्रायव्हरशेजारी तय्यबभाई. "हळू! अजून हळू!" त्यांच्या धाकानं ट्रेलर असा चालला, की उसाचे ट्रॅक्टर हॉर्न देत पुढं निघून गेले.

रस्त्यावर कुणीतरी व्हिडिओ काढला. खाली लिहिलं, 'औशाच्या नवरदेवाचं हेलिकॉप्टर खाली आलं.' पुढच्या फोनवर त्याचं 'खाली पडलं' झालं आणि मांडवात पोचेपर्यंत ते विहिरीत पडलं होतं!

बायकांनी हंबरडा फोडला. गुरुजी मांडवाबाहेर धावले. नवरी विशाखानं मात्र हिरव्या चुड्याच्या हातानं सरळ फोन लावला.

"अहो, तुम्ही कुठं पडलात?"

"पडलो न्हाई! बुधोड्याजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलोय!"

"हेलिकॉप्टर घेऊन?"

"हाव!"

विशाखानं सगळ्यांना सांगितलं, पण कुणाला पटेना; गुरुजींनी तर तोवर ॲम्ब्युलन्स धाडली होती. तिनं ट्रेलर गाठला. ॲम्ब्युलन्समधले दोघं काही ऐकून घेईनात. "पडलेला माणूस असाच बोलतो! मार आत असतो!" म्हणत त्यांनी राघवेंद्रला बाशिंगासकट स्ट्रेचरवर आडवा केला. दीड वाजता वरात औशात शिरली. पुढं हेलिकॉप्टर, मागं सायरन आणि दोन्हींच्या मध्ये गोंधळलेला बँड!

राघवेंद्र स्ट्रेचरवरून उडी मारून उभा राहिला, तेव्हा कुठं मांडवाचा जीव भांड्यात पडला. गुरुजींनी माईक घेतला. "मंडळी, अफवांवर विश्वास ठेवू नका! हेलिकॉप्टर पडलेलं नाही. ते उडालेलंच नाही!"

वरातीबरोबर आलेल्या अप्पांनी शरमेनं पटका काढून काखेत मारला. "गुरुजी, माफी असावी. लई मोठ्या तोंडानं बोललो होतो."

"व्याही, पोरगं धडधाकट आणलंत. अजून काय पाहिजे?" गुरुजींनी पटका घेऊन पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवला. अप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि पाहुण्यांचा घोळका अप्पांभोवती जमला. चौघांच्या घरी लग्नं होती आणि चौघांनाही हीच वरात हवी होती! अप्पांची छाती पुन्हा फुगली. "देतो की! महिन्याभरात तर उडवतच आणू!"

"छ्या छ्या! उडवू नका!" एक आजोबा घाईघाईनं म्हणाले. "ट्रेलरवरच पाठवा. वर गेल्यावर नवरदेव दिसतोय कुणाला?"