सम्यक व्यायामाचा आठवडा

छडी न वापरता सातवीचा निकाल चांगला लावून दाखवतो, असं सूर्यभान गुरुजी एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर पारनेरच्या बैठकीत उभे राहून म्हणाले, तेव्हा बाकीच्या हेडमास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं. आदल्या वर्षी गुरुजींच्या शाळेतली चौदापैकी नऊ मुलं फायनलला आपटली होती, आणि तीही छडी असताना.

पण गुरुजींचा विश्वास पक्का होता. छप्पन साली, ऐन विशीत, ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. तेव्हापासून बुद्धाचा अष्टांगिक मार्ग त्यांनी नुसता पाठ केला नव्हता, तर रोज त्यातलं एक अंग घेऊन ते त्यावर विचार करत. मूल मुळात आळशी नसतं, त्याच्या मनाला कुणी हाक मारत नाही म्हणून ते झोपतं, असं त्यांचं म्हणणं. बैठकीहून परत आल्यावर त्यांनी शाळेतली छडी मोडून चुलीत घातली. चहाला उकळी येईपर्यंत ती संपली.

पुढच्याच आठवड्यात त्यांना सहा दिवसांच्या शिबिराला नगरला जायचं होतं. एसटी दारात येऊन हॉर्न वाजवत होती. गुरुजींनी घाईघाईने सूचनावहीत लिहिलं, ‘उद्यापासून इयत्ता सातवीने रोज सकाळी एक तास सम्यक व्यायाम करावा. सक्ती करू नये. देखरेख : कारभारी मास्तर.’ सम्यक व्यायाम म्हणजे मनाचा योग्य प्रयत्न. आलेला आळस घालवायचा, नवा येऊ द्यायचा नाही, चांगली सवय लावायची आणि ती टिकवायची. हे सगळं गुरुजींच्या डोक्यात होतं. कागदावर नव्हतं.

गुरुजींच्या हाताखालच्या कारभारी मास्तरांनी सूचना तीनदा वाचली. व्यायाम त्यांना कळला. सम्यक अडलं. त्यांनी तिसरीच्या वर्गावरच्या नूरमहंमद मास्तरांना विचारलं. नूरमहंमद मास्तर विचारी माणूस. ते म्हणाले की सम म्हणजे दोन, चार, सहा. तेव्हा व्यायाम सम आकड्यात मोजायचा असणार. कारभारी मास्तरांना ते एकदम पटलं.

प्रश्न उरला सक्तीचा. सक्ती करायची नाही आणि पोरांनी बैठका तर मारायच्या, हे जमायचं कसं? मास्तरांनी रात्रभर त्यावर डोकं चालवलं आणि सकाळी धोतर खोचून पोरांपुढे स्वतःच बैठका मारायला सुरुवात केली. बावन्नाव्या वर्षी! पहिल्या दिवशी पोरं नुसती बघत उभी राहिली. चाळीसाव्या बैठकीला मास्तरांचा श्वास फुलला, तशी चांगुणा नावाची मुलगी पुढे आली आणि त्यांच्या शेजारी बैठका मारू लागली. मग एकेक करत सगळा वर्ग. एकावन्नावर कुणी थांबलं की बाकीचे ओरडत, ‘विषम, विषम!’ की ते बिचारं बावन्नावी मारी.

चौथ्या दिवशी आकडा दोनशेवर गेला. आया तक्रार घेऊन आल्या, की पोरं चार भाकरी खाऊन पाचवी मागतात आणि जेवता जेवता झोपतात. मास्तरांनी त्यांना सूचनावही दाखवली. मोठ्या गुरुजींची सही बघून बायका परत गेल्या.

इकडे शिबिरात गुरुजींनी आपल्या प्रयोगाचं इतकं रसाळ वर्णन केलं, की तालुक्याच्या विस्तार अधिकाऱ्यांना राहवेना. शेवटच्या दिवशी त्यांनी गुरुजींना आपल्याच जीपमध्ये बसवलं आणि गाडी थेट शाळेकडे घ्यायला सांगितली. वाटभर गुरुजी त्यांना अंतःप्रेरणा समजावून सांगत होते.

शाळेत चिडीचूप होतं. गुरुजी साहेबांना हळूच म्हणाले की बघा, किती एकाग्रता. मग ते सातवीच्या दारात गेले आणि तिथेच थबकले.

सातवीची सगळीच्या सगळी पोरं पाटीवर, वहीवर, एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती. फळ्यावर गणित अर्धंच होतं. खुर्चीत कारभारी मास्तर तोंड उघडं टाकून घोरत होते.

गुरुजींच्या खाकरण्याने मास्तर दचकून उठले. उठताना त्यांच्या मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की टेबलाला धरूनच उभं राहावं लागलं. पण चेहरा आनंदाने फुलला होता.

“गुरुजी, आज तीनशे झाल्या,” ते म्हणाले. “समच. आन् सक्ती कुनालाबी न्हाई.”

साहेबांनी सूचनावही मागवली. वाचली. मग गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींच्या जिभेवर शब्द आला होता, की हा माणूस अडाणी आहे, मी लिहिलं एक आणि यानं केलं दुसरंच. पण समोर मास्तर कौतुकाची वाट बघत लटपटत उभे होते.

“चूक माझी आहे, साहेब,” गुरुजी म्हणाले. “मी हुकूम लिहिला आणि निघून गेलो. अर्थ सांगायला थांबलो नाही. छडी तेवढी मोडली, सवय तीच राहिली.”

तोवर पोरं जागी झाली होती. साहेबांनी पुढे बसलेल्या चांगुणाला जवळ बोलावून विचारलं की कुणी मारत नव्हतं, तर एवढ्या बैठका का मारल्या?

“मास्तर मारीत हुते म्हनून,” चांगुणा म्हणाली. “एकट्यांना कसं सोडायचं?”

साहेबांनी सूचनावही मिटली. मग म्हणाले, की गुरुजी, तुमची अंतःप्रेरणा या शाळेत आहे खरी, फक्त ती गणिताकडे वळायची राहिली आहे. उद्यापासून त्याच वेळी तुम्ही पोरांबरोबर बसा. शिकवायचं नाही. त्यांच्यासारखा अभ्यास करायचा.

गुरुजींनी मोठ्या उत्साहाने होकार दिला. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

सकाळी ते पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले आणि अंकगणिताचं पुस्तक उघडलं. हौदाला दोन नळ पाणी भरणारे, एक गळका. हौद किती तासांत भरेल? गुरुजींनी सरळ हिशेब केला, उत्तर आलं चौदा तास. पुस्तकात होतं सहा. पुन्हा केला, साडेनऊ. आजूबाजूची पोरं आपापली पाटी सोडून त्यांच्या पाटीकडे बघू लागली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, पाटी पुसली, आणि आजच्यापुरतं एवढं बास, असं म्हणायला तोंड उघडलं.

मागून कारभारी मास्तरांचा आवाज आला.

“नेम मोडायचा न्हाई, गुरुजी. परत.”