दाराला बांधलेला कडुलिंब

तीन वर्षं आखाताच्या फेऱ्या केल्यावर स्टुअर्ड चंद्रप्रकाश राणेला पहिल्यांदा लंडनची फ्लाइट मिळाली. त्याच्या बायकोनं, वसुधानं, त्याच्यासाठी ट्रंकेतला स्वेटर काढला आणि उरलेल्या लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून कडुलिंब आणला. पानं बाळानं तोंडात घातली तर? या धास्तीनं तिनं डहाळे वाळायला बाहेर दाराच्या चौकटीला बांधले.

शेजारच्या रुक्मिणीमावशींनी ते पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले.

"अगो, देवी इली घराक, आणि माका सांगूक नाय?"

"अहो मावशी, कपड्यांसाठी आहे ते!"

"असां म्हणू नये गो. देवी कोपता."

तेवढ्यात चंद्रप्रकाशला न्यायला कंपनीचा ड्रायव्हर गुणाजी जिना चढून आला. त्यानं कडुलिंब पाहिला, जोडलेले हात पाहिले, आणि आल्या पावली खाली जाऊन वाण्याच्या फोनवरून ऑफिस गाठलं.

"साहेब, वाट लागली. दाराला देवीचा कडुलिंब बांधलाय, घरात कांजिण्या!"

अर्ध्या तासात कंपनीचे डॉक्टर शरच्चंद्र पंडित हजर. पण जिन्यातच थांबले.

"बाळ दाखवा. लांबूनच."

बाळाच्या गालावर तीन लाल पुळ्या होत्या.

"संपलं. आज तुम्ही जायचं नाही. तीनशे माणसं बंद विमानात असतात, मिस्टर राणे."

चंद्रप्रकाश मटकन बॅगेवरच बसला.

"डास चावलेत हो!" वसुधा म्हणाली. "हात लावून बघा ना."

"मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या नाहीत." डॉक्टर आणखी एक पायरी उतरले. "मीच आजारी पडलो तर स्टाफला कोण तपासणार?"

"मग इथे कुणाला येऊन गेल्यात?" वसुधानं विचारलं.

गुणाजीनं हात वर केला. "मला. पाचवीत होतो."

डॉक्टर पायरीवरून विचारत गेले आणि गुणाजी तपासत गेला. पुळीत पाणी? नाही. ताप? नाही. पाठ, पोट, डोकं? साफ.

"डासच आहेत, साहेब. आपल्या मरोळचे."

डॉक्टरांनी जिन्याच्या कठड्यावर परवानगीचा कागद ठेवून सही केली. लंडनचं विमान चंद्रप्रकाशला घेऊनच उडालं.

पुढच्या फ्लाइटला गुणाजी पंधरा मिनिटं आधीच आला. त्यानं साबणानं हात धुतले, बाळाची पाठ उजेडात धरून बघितली, घरातल्या प्रत्येकाचा खोकला विचारला. वसुधा जाम खूश. इतकं बारकाईनं कुठला डॉक्टर बघतो?

मग तो युनिफॉर्ममधल्या चंद्रप्रकाशकडे वळला.

"जीभ?"

"अरे गुणाजी, उशीर होतोय!"

"दाखवा हो एकदा," वसुधा म्हणाली.

चंद्रप्रकाशनं टाय सावरला आणि जीभ बाहेर काढली.