नारिंगी स्पंजाचा नामनिर्णय

अखंड-भरती-ओहोटी-अलंकृत, शंखशिंपले-प्रतिपालक, राजमान्य राजश्री वाचक यांचे सेवेशी विनंती ऐसीजे. साहेबी पुसिले की, खाडीतील नारिंगी स्पंजाचे नाव कैसे ठरले, बापलेकीत तंटा का पेटला आणि फत्ते कोणाची जाहली. तरी घडले तैसे लिहितो, पदरचे काही घालीत नाही.

खाडीच्या आतल्या अंगास, जेथे लाट येते ती पाय पुसून येते, तेथे एक लहानसे सागरी संग्रहालय. त्याचे अधिपती आबासाहेब. बरण्यांवर त्यांचा अंमल, कपाटांवर जरब, आणि नाक तर ऐसे नामांकित की, स्पंज चुरडून हुंगावा आणि जात सांगावी. त्यांचे हाताखाली त्यांचीच कन्या धाकटी नव्याने रुजू जाहली होती. सूक्ष्मदर्शकाचे कामी निपुण, आणि हट्टात बापाची सवाई.

तो नवे दालन उघडण्याचा समय आला, आणि पाहणीस संचालकांची स्वारी येणार ऐसी वर्दी आली, आणि पेंटर ब्रश घेऊन पाटीपुढे उभा ठाकला. मग आबासाहेबांनी जातीने धक्क्यावर कूच करून दगडास बिलगलेला नारिंगी स्पंज सोडविला, बादलीत बंदोबस्ताने आणिला, तुकडा चुरडून नाकास लाविला आणि फर्माविले की, बारुदीचा वास येतो, सबब हा हॅलिकॉन्ड्रिया, पाटी लिहावी. धाकटीने चुरा हुंगिला, तो चिखलाखेरीज वास नाही. तिने अर्ज केला की, हा हायमेनियासिडॉन दिसतो. दोघे रूपाने सख्खे भाऊ, परंतु अंगातील काचेच्या सुया निराळ्या. पहिल्याच्या सुईस दोन्हीकडे अणी, दुसऱ्याच्या सुईचे एक टोक गोल. तरी सुया पाहिल्यावाचून पाटी लिहू नये. आबासाहेब बहुत कोपले. मग दफ्तरी बोलणे बंद जाहले, आणि घरीही बंद जाहले, आणि जेवणाच्या टेबलावर मीठसुद्धा आईसाहेबांचे वकिलातीने फिरू लागले.

ऐशात एके सकाळी धाकटी जिना उतरते, तो गॅसचा दर्प निम्म्या जिन्यापर्यंत चढून आलेला. धावत स्वयंपाकघरात शिरली, तो शेगडीचे बटण उघडे, ज्योत नाही, आणि आबासाहेब शेजारीच वर्तमानपत्र वाचीत निवांत बसलेले, हाती चहाकरिता काडेपेटी. तिने झडप घालून काडेपेटी काबीज केली, बटण फिरविले, तमाम खिडक्या उघडिल्या.

"काय झालं गं?" आबासाहेब अबोला विसरून म्हणाले.

धाकटी भिंतीस टेकून उभी राहिली. मग उमजले की, मागील तापात आबासाहेबांचे नाक कामास आले, वास म्हणोन येईनासा जाहला. तेव्हापासून खासे आठवणीनेच हुंगत होते.

मग संचालकांची स्वारी दाखल जाहली. पाटी कोरी पाहून कारण पुसिले, आणि वादाची हकिकत ऐकून हुकूम केला की, उभयतांनी आमचे समक्ष स्पंज हुंगावा आणि निकाल करावा. आबासाहेबांचे मुखावरील रंग उतरला. शत्रूचा गड उघडा पडला होता, एक शब्द टाकावा आणि निशाण लावावे ऐसा समय. धाकटीने रुमाल काढून नाक शिंकरले.

"साहेब, मला सर्दी झालीय. माझ्या नाकाचा भरवसा नाही. सुयाच बघू या ना."

मग ब्लीचची कुमक मागविली. स्पंजाचा तुकडा तीत सोडिला, तो मांस विरघळोन गेले आणि तळाशी पांढरी धूळ राहिली. ती धुवून काचपट्टीवर चढविली, आणि सूक्ष्मदर्शकापाशी पहिला मान आबासाहेबांस दिला. ते वाकले. एका सुईवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर गेले.

"एक टोक गोल आहे," ते सावकाश म्हणाले. "सगळ्यांचंच. हायमेनियासिडॉन. माझं चुकलं. लिही रे पाटी."

स्वारी पुढील दालनात गेली, आणि बापलेक बादलीपाशी राहिली.

"सर्दी कुठाय तुला?"

"नाहीये."

"मग कधी कळलं?"

"गॅसच्या दिवशी. आबा, सांगायचं नाही का हो? घर उडालं असतं!"

"नाकच गेलं म्हटल्यावर या इमारतीत मला कोण विचारणार?"

"मी विचारीन. रोज विचारीन, वैताग येईस्तोवर."

आबासाहेबांनी तिच्याच रुमालाने डोळे पुसिले. कारण पुसता, ब्लीच झोंबले म्हणाले.

येणेप्रमाणे खाडीतील नारिंगी स्पंज हायमेनियासिडॉन नामे कायम जाहला, पाटी चढली, हॅलिकॉन्ड्रियाचा दावा खारीज जाहला. उभयपक्षी कोणी पडले नाही. आबासाहेबांनी त्याच दिवशी आईसाहेबांस सर्व वर्तमान जातीने निवेदिले, बोलणी मुकाट ऐकिली, आणि धाकटीस वस्त्रे देऊन नव्या पदी नेमिले. पूर्वी दरबारी वर्तमान लिहिणारे वाकनीस असत. हिजला वासनीस केले. इति मोहीम तमाम.