मांजरा रागाचा मध्यम

त्या मंगळवारी सकाळी विरूपाक्ष हलकुडे गुरुजींच्या घरात अकरा प्याले पाणी होतं आणि चहाला घोटभर नव्हतं.

"अहो, एका प्याल्यातलं घेऊ का?" उमादेवींनी स्वयंपाकघरातून विचारलं. "येवढ्या ओळीत एक कमी झाला तर कुणाला कळतंय?"

"अगं, तो धैवत हाय!" गुरुजी कळवळले.

"असू दे की. साखर जरा जास्त घालते."

गुरुजींनी चहा नको म्हणून सांगितलं आणि पुन्हा प्याल्यांपुढे मांडी घातली.

लातूर जिल्हा होऊन नऊ महिने झाले होते. कलेक्टर आले, दुकानांवरच्या पाट्या बदलल्या, कचेऱ्यांसाठी इमारती शोधणं चालू होतं. पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहून गेल्यासारखा इकडे फिरकला नव्हता. मांजरा आटली, नळांना गंज चढला, गल्लीत टँकर चौथ्या दिवशी येई. अशात रेडिओ केंद्राचं पत्र आलं. 'नव्या जिल्ह्याचे कलावंत' या कार्यक्रमासाठी गुरुजींची स्वतंत्र रचना जलतरंगावर ध्वनिमुद्रित करून घेण्यात येणार होती. जलतरंगावर! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

पण नाही म्हणायला गुरुजींची जीभ रेटेना. अठ्ठावीस वर्षं मुलींच्या शाळेत प्रार्थना शिकवता शिकवता त्यांनी दीडशे रचना केल्या होत्या आणि त्या सगळ्या पत्र्याच्या पेटीत सुखानं नांदत होत्या. एका लग्नात त्यांना वाजवायला बसवलं होतं, पण ते बँडवाले येईपर्यंतच. मांजरा नदीवरून त्यांनी एक नवा रागही बांधला होता. तो ऐकून मुख्याध्यापक म्हणाले होते, "छान हाय, पण सिनेमातलं एखादं बसवा की." रेडिओवरच्या बाईनं एकदा तरी 'रचना, विरूपाक्ष हलकुडे' असं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पंचावन्नाव्या वर्षी माणसानं एवढी इच्छा धरली तर त्यात काही चूक नाही.

म्हणून तीन दिवस पोटाला चिमटा घेऊन त्यांनी पाणी साठवलं. पण उन्हाळ्याला संगीतातलं काय कळतं? शेवटचा प्याला सुरात लागेपर्यंत पहिल्यातलं पाणी उन्हानं उडे आणि त्याचा सूर वर चढे. मग गुरुजी चमच्यानं दोन थेंब घालत, की तिसरा प्याला बिघडे. हा खेळ समोरची धोंडाबाई खिडकीतून बघत होती. टँकरच्या रांगेवर धोंडाबाईचा असा वचक होता, की खुद्द ड्रायव्हर तिला विचारून नळी सोडत असे.

"गुरुजी वो," ती तिथूनच ओरडली, "लोकं घोटाघोटाला तरसून ऱ्हायलेत, अन् तुम्ही पान्याला काडीनं मारून ऱ्हायलात?"

"मारत न्हाई, वाजवतोय. रेडिओचे साहेब यायलेत."

"मंग त्यायला सांगा, पानी प्यायला असतंय म्हनावं, वाजवायला न्हाई. या बारीला तुमची एक घागर कमी करते बघा!"

ती करील याबद्दल गुरुजींना शंका नव्हती. त्यांनी खिडकी लावून घेतली.

साहेब चार वाजता यायचे होते. पण त्यांना रात्रीच्या आत नांदेड गाठायचं असल्यानं जीप दोनलाच दारात उभी राहिली. कार्यक्रम अधिकारी निटूरकर, यंत्रवाला आणि ड्रायव्हर, तिघेही उन्हानं करपून आले होते. आता आल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि ते कुठून आणलं हे कधी बोलून दाखवायचं नाही, ही त्या घराची रीत होती. दुष्काळ पडला म्हणून रीत काही रजेवर जात नाही. उमादेवींनी देवापुढचा तांब्या उचलला. तो यंत्रवाल्यात आणि ड्रायव्हरमध्येच संपला.

"वहिनी, पाणी मोठं गोड आहे तुमचं," असं ड्रायव्हरचा चेहरा बघूनच निटूरकर म्हणाले आणि त्यांनी रिकामा पेला पुढे केला.

गुरुजी बाहेरच्या खोलीत मांजरा रागाची जन्मकथा सांगण्यात गढले होते. त्यामुळे आतल्या खोलीतून दोन पेले भरून कसे आले, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. निटूरकरांनी दोन्ही घटाघटा संपवले आणि समाधानानं मिशा पुसल्या. मग सगळे आत गेले. गुरुजींनी काडी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

अकरा प्याल्यांतले मधले दोन ठणठणीत कोरडे होते.

"कडेचे घेतले असते तर पटकन दिसलं असतं," उमादेवी कानाशी कुजबुजल्या. "म्हणून मधले घेतले."

मधले म्हणजे मध्यम आणि पंचम. इतर प्याल्यांतून काढून त्यांत घालावं तर ते सूर बिघडणार, ही सगळी मांडणी कोसळणार. गुरुजींनी निटूरकरांकडे पाहिलं. निटूरकरांच्या मिशीवर पंचमाचा एक थेंब अजून चमकत होता.

"हे दोन रिकामे कसे?" निटूरकरांनी विचारलं.

"ते..." पाहुण्याला 'तुम्ही प्यालात' असं सांगायचं कसं? "ते या रागात वर्ज्य आहेत, साहेब."

निटूरकर स्वतः गाणं शिकलेले होते आणि शिकलेला माणूस फार घातक असतो. त्यांनी चष्मा काढला. "मध्यम आणि पंचम, दोन्ही वर्ज्य? गुरुजी, दोन्ही सोडले तर त्याला राग म्हणत नाहीत. एक तरी हवाच. मी शास्त्रीय रचना म्हणून हे नोंदवू शकत नाही." मग त्यांना गुरुजींच्या चेहऱ्याची दया आली असावी. "यंत्र जोडायला दहा मिनिटं लागतील. तोवर बघा काही जमतं का. नाहीतर पुढं कधीतरी."

पुढं कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे अठ्ठावीस वर्षं ऐकलेल्या माणसाला फोडून सांगावं लागत नाही. गुरुजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अख्ख्या घरात प्याल्यांबाहेर आता शिल्लक होतं ते तेवढंच, आणि ते मध्यमाला पुरण्यासारखं नव्हतं.

उमादेवींनी तांब्या घेतला आणि तरातरा समोरच्या घरी गेल्या.

"धोंडाबाई, तांब्याभर पाणी द्या."

"वाजवायला असंल तर थेंब न्हाई."

"पाव्हणे आलेत. आमचं होतं ते त्यांना दिलं, आता काहीच न्हाई." यात उमादेवी एक अक्षर खोटं बोलल्या नव्हत्या.

पाहुण्याचं नाव काढल्यावर धोंडाबाई विरघळली. "अगं बाई, मंग असं सांगा की! पाव्हना तहानलेला ऱ्हावा का आपल्या गल्लीत?" पण विरघळली तरी ती धोंडाबाईच होती. तांब्या तिनं उमादेवींच्या हाती दिला नाही. स्वतः घेऊन आली आणि थेट निटूरकरांपुढे धरला. "घ्या साहेब."

निटूरकरांचं पोट दोन सुरांनी भरलेलं होतं. "नको आता, झालं."

गुरुजींचा जीव टांगणीला लागला. साहेब प्याले तर पाणी गेलं आणि न प्याले तर धोंडाबाई ते परत नेणार.

"घ्या की वो, कामून लाजता?" धोंडाबाईनं आग्रह केला. निटूरकरांनी भिडेखातर तांब्या हातात घेतला, वरून एक घोट घेतला, आणि ते दुसऱ्या घोटासाठी मान वर करणार तोच उमादेवी म्हणाल्या, "असू द्या साहेब, राहिलेलं मग घ्या." त्यांनी तांब्या काढून घेतला आणि नवऱ्याकडे सरकवला. गुरुजींनी डोळे मिटून धार मधल्या प्याल्यात सोडली. काडी मारत, कान लावत, मध्यम जागेवर येईपर्यंत ओतलं. तांब्या तेवढ्यातच संपला आणि पंचम वर्ज्यच राहिला.

"आत्ता गं बया! माझं पानी..." धोंडाबाई पुढे झेपावली. तेवढ्यात यंत्रवाल्यानं हात वर केला, यंत्रावर लाल दिवा लागला आणि निटूरकरांनी तोंडावर बोट ठेवून तिच्याकडे असे डोळे वटारले की ती जागच्या जागी थांबली.

आठ मिनिटं मांजरा वाजला. गल्लीच्या स्मरणात धोंडाबाई आठ मिनिटं गप्प राहिल्याची दुसरी नोंद नाही. ती मधल्या प्याल्यापुढे उकिडवी बसून पाणी किती कमी होतं याच्यावर नजर ठेवून होती. गुरुजी मात्र तिला, साहेबांना आणि टँकरलाही विसरले होते. त्यांच्या काड्यांखालून आटलेली नदी हळूहळू भरून वाहू लागली होती. शेवटचा सूर विरायच्या आत धोंडाबाईचा आवाज घुमला, "गुरुजी वो! येवढं वाजवलं तरी पानी हाय तेवढंच हाय की!"

ते यंत्रात गेलं. पुन्हा वाजवायला साहेबांना वेळ नव्हता. "बघू या," म्हणत त्यांनी सही घेतली आणि जीप निघून गेली. धोंडाबाईनं मध्यमाचं पाणी परत तांब्यात ओतून घेतलं आणि तीही गेली.

तीन आठवड्यांनी गुरुवारी संध्याकाळी साडेसातला कार्यक्रम लागणार होता. सहापासूनच गुरुजींच्या बाहेरच्या खोलीत माणूस मावेना. आपलं बोलणं रेडिओवर येणार हे धोंडाबाईनं घरोघर सांगितलं होतं, त्यामुळे ती अगदी रेडिओला चिकटून बसली होती. निवेदिकेनं घसा साफ केला. "नव्या जिल्ह्याचे कलावंत या कार्यक्रमात आता ऐकू या..."

कोपऱ्यावर टँकरचा भोंगा वाजला.

पाच दिवसांनी आलेला टँकर! खोली क्षणात रिकामी झाली. गुरुजी दारात घुटमळले. पण उमादेवी दोन घागरी घेऊन पळाल्या होत्या आणि तिसरी त्यांच्या पायाशी होती. ती उचलून तेही धावले. रांगेत धक्के खाताना त्यांना घरातला रेडिओ ऐकू येत होता का? छे. नळीचा आवाज, भांड्यांचा आवाज, भांडणाचा आवाज. आठ मिनिटं कधी गेली ते कळलंही नाही.

भरलेल्या घागरी घेऊन नवराबायको परत आले, तर खोलीत शेतीविषयक बातम्या चालू होत्या आणि रेडिओपुढे एकटी धोंडाबाई बसलेली होती. टँकर निघून गेला होता.

"तुम्ही गेला न्हाईत?" गुरुजींना खरंच वाटेना.

"न्हाई."

"मग... नाव घेतलं का माझं?"

"घेतलं की. इरूपाक्ष हलकुडे, जिल्हा लातूर. दोनदा घेतलं." धोंडाबाईनं नाक ओढलं. "माझं बोलनं मातर कापलं बघा त्या मेल्यानं. त्याच्यासाठीच बसले हुते मी. भोंगा वाजला तवा उठनारच हुते. पन तेवढ्यात ते मदलं भांडं वाजलं, माझ्या पान्याचं. मंग उठवलंच न्हाई."

गुरुजींनी हातातली घागर खाली ठेवली.

"परत कवा लागंल वो?" धोंडाबाईनं विचारलं.

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते लगबगीनं आत गेले आणि फळीवरचे प्याले एकेक करून खाली मांडू लागले. तोवर उमादेवींनी धोंडाबाईची घागर मागवून घेतली होती आणि आपली एक तिच्यात ओतली होती.