शेळीच्या नावावर

चतुराबाईंनी पहिला शेंडा खुडला तेव्हा त्यांच्या मनात चोरीचा विचारसुद्धा नव्हता. त्या मूळच्या परतूरकडच्या. तिकडे हरभरा वीतभर वाढला की वाटेने जाणारी कुठलीही बाई खुशाल त्याचे शेंडे खुडते, ओटीत भरते आणि घरी जाऊन भाजी करते. रान कोणाचं, हे कोणी विचारत नाही. खुडल्याने हरभऱ्याला फुटवे जास्त येतात, म्हणून रानाचा मालकच "अजून घ्या की" म्हणतो. अशा रीतीत वाढलेल्या बाईच्या अंगणात, अंबडच्या कॉलनीत, शेजारच्या तुराट्यांच्या कुंपणातून वाटाण्याचे कोवळे लुसलुशीत शेंडे डोकावले, तर तिने हात आवरायचा कसा?

त्यांनी मूठभर शेंडे खुडले. बारीक चिरले, लसूण-मिरचीची फोडणी दिली, वरून शेंगदाण्याचं कूट पेरलं. हरभऱ्याची आंबट चव ह्या शेंड्यांना नाही, म्हणून चिंचेचं बोटुक घातलं. भाजी अशी उतरली की त्यांचे यजमान बद्रीनाथ, जे कोर्टात बेलीफ होते आणि जेवताना सहसा बोलत नसत, ते म्हणाले, "आज काय केलंय गं?"

कुंपणापलीकडे अण्णासाहेब राहत. शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. बायको उषाबाई लेकीच्या बाळंतपणाला परभणीला गेलेली, आणि जाताना सांगून गेलेली, "ह्यांच्या जेवणाकडं जरा बघा." त्यामुळे चतुराबाईंकडे काही चांगलं झालं की एक वाटी पलीकडे जाई. त्या संध्याकाळीही गेली. वाटी देताना त्या खरं सांगणारच होत्या, पण अण्णासाहेब आधी बोलले.

"वहिनी, माझा वाटाणा कोणीतरी कुरतडून राह्यलंय. लेक बाळाला घेऊन आली की व्याह्यांना घरच्या वाटाण्याचा मसालेभात घालायचाय मला. किती लांबून बी आणलं म्हणून सांगू. हा चोर सापडू द्या एकदा, सगळ्या गल्लीत त्याची अब्रू काढतो."

चतुराबाईंच्या तोंडचं खरं तोंडातच राहिलं. तेवढ्यात अण्णासाहेबांनी भाजीचा घास घेतला आणि त्यांचे डोळे मिटले.

"कशाची भाजी हो ही?"

"परतूरहून आली," चतुराबाई म्हणाल्या. "भावानं एसटीत दिल्ती कोणाजवळ तरी."

"आता आली की मला इसरू नका."

झालं. एकदा खोटं बोललं की ते निभवावं लागतं. अण्णासाहेब एक दिवसाआड कुंपणाशी येऊन परतूरच्या एसटीची चौकशी करू लागले. चतुराबाईंच्या बाजूला आलेले शेंडे तर संपले होते. मग त्या उजाडायच्या आत उठून, तुराट्यांत हात घालून, पलीकडचे खुडू लागल्या. स्वतःच्याच हाताची त्यांना लाज वाटे. देवाला दिवा लावताना नजर वर होत नसे. पण संध्याकाळी अण्णासाहेब वाटी पुसून खात आणि म्हणत, "तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा." ज्याचा माल चोरला त्याचाच नमस्कार घ्यायचा, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होई.

एका पहाटे घाईत काही शेंडे त्यांच्या पदरातून कुंपणाच्या कडेला, रस्त्यावर पडले. मागच्या बाजूला राहणाऱ्या गोजरबाईची शेळी नेमकी सुटलेली होती. ती आली आणि समोर पडलेलं खाऊ लागली. अण्णासाहेब दात घासत बाहेर आले, तेव्हा शेळीच्या तोंडातून वाटाण्याचा वेल लोंबत होता.

त्यांनी गल्ली गोळा केली. बद्रीनाथ बनियनवर धावत आले आणि शेळीला गोल फेरी मारून म्हणाले, "मुद्देमालासकट सापडली. ह्यात आता इचारायसारखं काही न्हाई."

गोजरबाई विधवा बाई. त्या एका शेळीच्या दुधावर तिचा चहा आणि दोन घरांचं गिऱ्हाईक चालायचं. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"रोज हिनंच खाल्लं म्हणता?"

"मंग काय मी खाल्लं?" अण्णासाहेब म्हणाले.

चतुराबाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं, जमीन दुभंगावी.

"ठीक हाय," गोजरबाई म्हणाली. "येत्या बाजारी विकून टाकते. शेजाऱ्याचं ऐकून घ्यायची सवय न्हाई मला."

बाजार जवळ येऊ लागला तसं चतुराबाईंचं अन्न कमी झालं. बाजारात म्हाताऱ्या शेळीला गिऱ्हाईक कोण, हे काय त्यांना कळत नव्हतं? खाटकाशिवाय दुसरं कोण घेणार? आपल्या जिभेच्या चोचल्यापायी एका विधवेची शेळी सुरीखाली जाते, हा विचार त्यांना भाकरी थापताना सुद्धा सोडत नव्हता. शेवटी बाजाराच्या आदल्या दिवशी त्या पदर घट्ट ओढून अण्णासाहेबांच्या ओट्यावर गेल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. भाऊ नाही, एसटी नाही, शेळीही नाही.

अण्णासाहेब आधी लाल झाले. मग काहीतरी ध्यानात येऊन पांढरे पडले.

"म्हंजी मी खाल्लं ते?"

"तुमचंच."

"मागून मागून खाल्लं की मी." ते खुर्चीत बसले. इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "वहिनी, हे कोणाला सांगितलंय?"

"न्हाई. आता गोजरबाईकडं चालले."

"बिलकुल जाऊ नका. चारचौघांत मी त्या शेळीला चोर म्हटलंय. आता चोरीचा माल मीच खाल्ला म्हणून कळलं तर गल्लीतून चालणं मुश्किल होईल माझं. तुम्ही घरी जा. शेळीचं मी बघतो."

त्यांनी खरंच बघितलं. संध्याकाळी गल्ली बाहेर बसलेली असताना ते गोजरबाईच्या दारात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुकं जनावर हाय. मी माफ केलं. विकू नका." गोजरबाई वाकून त्यांच्या पाया पडली. बद्रीनाथ घरी येऊन बायकोला म्हणाले, "मोठ्या मनाचा माणूस. आपण शिकलं पाहिजे काही." चतुराबाईंनी ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि चुलीकडे तोंड करून बसल्या. खरं सांगून मन हलकं होतं म्हणतात. त्यांचं दुप्पट जड झालं होतं.

गोजरबाई आता शेळीला दोन दाव्यांनी बांधू लागली. चतुराबाईंची वाटी बंद झाली, आणि आठ-दहा दिवस अण्णासाहेबांनी खिचडीवर काढले. मग एका सकाळी ते पुन्हा तिच्या दारात गेले.

"कशाला बांधून ठेवता जनावराला? फिरू द्या की थोडं."

"अन् वाटाणा खाल्ला तर?"

"खाईल तेवढा खाईल."

गल्लीत त्यांना देवमाणूस म्हणायचंच बाकी होतं, तेही त्या दिवशी म्हणून झालं. आणि दुपारी देवमाणूस स्वतः ओंजळभर शेंडे घेऊन कुंपणाशी आला. "शेळी सुटलीय," ते हळूच म्हणाले. "कोणी इचारलं तर तिनं खाल्लं. चिंच मागच्याइतकीच घाला."

चतुराबाईंनी मान खाली घालून भाजी केली. नाही म्हणायची हिंमत नव्हती. चोर त्याच होत्या. कढई उतरवत होत्या तोच गोजरबाई आत आली आणि पाटावर बसली.

"झाली का? द्या थोडी."

चतुराबाई कढई हातात तशीच धरून म्हणाल्या, "कशाची करू राह्यले, ते ठाऊक हाय तुला?"

"माझं न्हाणीघर कुंपणाच्या मागंच हाय, बाई. पहाटं कोण खुडतं ते मला पहिल्या दिवसापासून दिसतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलताल म्हणून वाट पाह्यली. बाजाराचं नाव काढलं, तवा तरी बोलताल वाटलं. म्हातारी शेळी कोण इकत घेतंय?"

चतुराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना हात जोडायचे होते, पण गोजरबाईने त्या हातांतली कढईच काढून घेतली. "भांडं सकाळी आणून देते," म्हणाली आणि गेली.

तिन्हीसांजेला कुंपणापलीकडून हाक आली. "वहिनी, वाटी?"

"भाजी गोजरबाई घेऊन गेली, अण्णासाहेब. तिला सगळं ठाऊक हाय. पहिल्या दिवसापासून."

अण्णासाहेब कुंपणाला अगदी चिकटून आले.

"मी माफ केलं तेव्हा बी ठाऊक होतं?"

"तेव्हा बी."

"अन् पाया पडली तेव्हा?"

"तेव्हा बी."

अण्णासाहेबांच्या घराचं दार आतून लागल्याचा आवाज आला. चतुराबाईंनीही आपलं दार लावून घेतलं.