खांब क्रमांक बाराचा भात

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. सरकार देते तेव्हा आधी फाटक्या छपराचा फोटो मागते, अक्षांश-रेखांशासह. यात सरकारचे काही चुकत नाही. देवाला सगळे दिसते, सरकारला रेंज लागते.

रेंज वाळकेपाड्यात नव्हती. म्हणून श्रावणात मोबाइलवर पिकाची नोंद करायची वेळ आली, तेव्हा गावातले एकेचाळीस शेतकरी भाताची एकेक जुडी घेऊन डोंबिवलीच्या वेशीवरच्या ‘हरितांगण हाइट्स’च्या पार्किंगमध्ये गेले. तिथला वॉचमन कुंडलिक गावचाच, शिवाय भजनातला टाळकरी. एकेकाने जुडी धरून फोटो काढला, बटण दाबले, चहा घेतला. रंगूबाईंनी तर फोटोपुरता पदरही सावरला. अशा रीतीने सरकारदरबारी वाळकेपाड्याचा सगळा भात खांब क्रमांक बारापाशी उगवला. (एकेचाळीस शेते, साडेतीन गाड्यांची जागा. एवढे दाट पीक अजून कुणाला साधलेले नाही.)

कार्तिकात अवकाळी पाऊस आला आणि कापलेला भात पाण्यात बुडाला. रंगूबाईंच्या पेंढ्यांना कोंब फुटले. पुढच्या सालचे बियाणे त्यातच होते. भरपाई आली तर पेरणी, नाहीतर शेत पडीक. मधला रस्ता नाही.

तलाठी देवयानी मॅडम पंचनाम्याला आल्या त्या शेतात नव्हे, पार्किंगमध्ये.

“मावशी, इथे तर सगळं कोरडं आहे.”

“इथं कोरडंच असनार! शेत तिकडं हाय मॅडम, चला ना, दहा मिनटं.”

“तिकडे तुमचं पीकच नाही. मोबाइलवर पडीक दिसतंय.”

रंगूबाईंचा जन्म कीर्तनात गेलेला. पूर्वरंगातले निरूपण पटले नाही, की उत्तररंगात आख्यान लावावे, हे त्यांना पक्के ठाऊक. त्यांनी टेम्पो लावला. दुपारपर्यंत एकेचाळीस शेतांच्या कुजक्या पेंढ्या पार्किंगमध्ये आल्या आणि कुंडलिकने गाड्या धुवायचा पाइप सोडला. ओलाचिंब दुष्काळ!

सोसायटीचे सेक्रेटरी विनीत बर्म्युडावरच खाली धावले. “ओ मावशी, काय लावलंय? इथे माझी गाडी असते!”

“अरं दादा, कागदावर इथं माझा भात हाय. तुझीच गाडी बांधावर चढलीय. काढ बघू.”

मॅडमनी कागद पाहिला आणि विनीतना गाडी काढायला लावली. (अतिक्रमण.) पंच पाच हवेत. भजनी मंडळ हजरच होते: वीणा, मृदंग, पेटी, टाळ, आणि बेसूर म्हणून कायम मागे बसवलेले तानाजीतात्या. सहीला सूर लागत नाही, त्यामुळे तात्यांचीही चालली. नुकसान शंभर टक्के! रंगूबाईंनी तिथेच गजर धरला, तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतूनही टाळ्यांचा ठेका आला. तेवढा वेळ पार्किंगमध्ये वैकुंठ होते.

भरपाई मंजूर झाली आणि नियमानुसार, पीक ज्यांच्या जागेवर बुडाले त्यांच्या खात्यात गेली. प्रत्येक फ्लॅटला दोनशे बारा रुपये. जिथे जिथे गावांना रेंज नव्हती आणि शेजारी असे फ्लॅटवाले टॉवर होते, तिथे तिथे हीच कृपा झाली.

रंगूबाई रोज गेटवर विचारतात, “कुंडलिका, आलं का रं?”

तुम्हालाही मध्यंतरी खात्यात असेच दोनेकशे रुपये जमा झाल्याचा एक मेसेज आला होता. कसले पैसे ते कळेना. कॅशबॅक असेल, म्हणून तुम्ही वडापाव मागवलात आणि देवाने दिले म्हणून हातही जोडलेत. श्रद्धा योग्यच आहे. छप्पर तेवढे रंगूबाईंचे फाटले.