उत्तराला आधार हवा

नव्या बाई येईपर्यंत त्या नुसत्या ‘बाई’ होत्या. सहावीच्या दोन्ही तुकड्यांना भाषा त्याच शिकवायच्या, आणि ‘बाईंनी बोलावलंय’ असं शाळेत कुणी म्हटलं की कुठल्या बाईंनी, हे विचारायची गरज पडत नसे. मग ‘ब’ तुकडीवर एक तरुण बाई आल्या. मुलांनी त्यांना ‘नव्या बाई’ म्हणायला सुरुवात केली, आणि एका दुपारी व्हरांड्यातून जाताना बाईंच्या कानावर आलं, “अरे पळ, जुन्या बाई येतायत!” बाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

त्या दिवसापासून बाईंच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना. दोन वर्गांच्या मधली भिंत पातळ होती. पलीकडून सारखं हसू ऐकू यायचं. नव्या बाई मुलांना बाकांवरून उठवून खाली गोल करून बसवत. त्यांच्याकडे रंगीत चिठ्ठ्यांचा एक डबा होता. मुलांनी डोळे मिटून चिठ्ठी काढायची आणि तिच्यावर जो शब्द असेल त्यावरून काहीतरी लिहायचं. लिहिलेलं कितीही सुमार असो, नव्या बाई टाळी वाजवून म्हणत, “वा, वा, वा!” नेहमी तीनदा. बाईंनी आपल्या उभ्या नोकरीत कुणाला एकदाही ‘वा’ म्हटलं नव्हतं. फार खूश झाल्या तर त्या ‘हं’ म्हणत, आणि त्या ‘हं’साठी मुलं जिवाचं रान करत.

बाईंची रीत साधी होती. उतारा वाचायचा, प्रश्न वाचायचा, पुन्हा उतारा वाचायचा. एखादा म्हणाला ‘राजा दुःखी होता’, की बाई म्हणायच्या, “आधार दाखव.” मग त्याने उताऱ्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही, तर राजा दुःखी नाही. आणि दुसरं एक वाक्य त्या वर्षानुवर्षं सांगत आलेल्या, “लिहिणारा सांगतो ते ऐका, आणि लपवतो ते शोधा.” हे वाक्य आपल्याच अंगाशी येईल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

झालं असं, की भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांचं एक मोठं शिबिर भरायचं होतं. वाचलेलं समजून घेणं आणि नीट लिहिणं मुलांना कसं शिकवावं, हे तिथे इतर शाळांतल्या शिक्षकांना दाखवायला या शाळेतून एक जण हवा होता. बाई या बोलावण्याची कितीतरी वर्षं वाट बघत होत्या. ते आपलंच, असं धरून त्यांनी शिबिराला नेसायची साडीही कपाटातून काढून ठेवली होती. पण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दोघींना समोर बसवून सांगितलं, “माझ्यापुढे पेच आहे. एकीचा अनुभव आहे, एकीचा उत्साह आहे. सहामाहीचा उतारा दोन्ही तुकड्यांना एकच असतो. ज्या तुकडीला तो जास्त कळेल, त्या तुकडीच्या बाई शिबिराला जातील.”

“वा, वा, वा! छान कल्पना,” नव्या बाई म्हणाल्या.

बाईंनी नुसतं नाक मुरडलं.

या शाळेत परीक्षेचा उतारा शिकवणाऱ्या शिक्षकांनी स्वतः लिहायचा, असा दंडक होता; कारण बाजारातल्या पुस्तकांतले सगळे उतारे मुलांनी शिकवणीत सोडवलेले असत. नव्या बाई आल्यापासून दुसरा दंडक असा, की ‘अ’चे पेपर ‘ब’च्या बाईंनी तपासायचे आणि ‘ब’चे ‘अ’च्या बाईंनी, म्हणजे कुणी आपल्या लेकरांना झुकतं माप द्यायला नको. सहामाहीचा उतारा लिहायची पाळी बाईंची होती.

घरी जेवणाच्या टेबलावर बाई लिहायला बसल्या आणि इतके महिने साठलेलं सगळं भडाभडा कागदावर आलं. एका रस्त्यावर एक जुना शिंपी होता. त्याची शिलाई सरळ आणि बोलणं मोजकं. समोर एक नवा शिंपी आला. त्याने दुकानात आरसे लावले, रंगीत दिवे लावले, आणि गिऱ्हाइकाने कसलंही कापड दाखवलं तरी तो टाळी वाजवून म्हणे, “वा, वा, वा!” लोक तिकडे धावले. जुना शिंपी आपल्या खिडकीतून सगळं शांतपणे बघत राहिला. पुढे पहिल्याच धुण्यात नव्या शिंप्याची शिवण उसवली आणि लोक माना खाली घालून जुन्याकडे परतले. खाली प्रश्न, त्यांतला चौथा सगळ्यांत जास्त गुणांचा: ‘लेखकाला दोघांपैकी कोण आवडतो? का?’ नव्या बाईंनी ‘अ’ तुकडीच्या पोरांच्या अक्षरात हे उत्तर वाचावं, एकेका पेपरात वाचावं, या विचाराने बाईंना गुदगुल्या झाल्या.

बाईंचे यजमान विमा कंपनीतून निवृत्त झालेले. लोकांनी भरपाईसाठी लिहून दिलेल्या हकिकती वाचून त्यातलं खोटं हुडकण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी उतारा वाचून चष्मा काढला.

“छान आहे. पण हा जुना शिंपी शिवतो कधी?”

“म्हणजे काय?”

“सकाळी खिडकीत, दुपारी खिडकीत, संध्याकाळी खिडकीत. गिऱ्हाईक तुटेल नाहीतर काय होईल?”

“अहो, तो शांतपणे बघतोय. लिहिलंय तसं!”

“लिहिलंय खरं. पण समोरच्याकडे दिवे किती आहेत, तेही त्याने मोजलेत.”

“तुम्हाला यातलं काही कळत नाही,” असं म्हणून बाईंनी कागद ओढून घेतला.

परीक्षेच्या दिवशी बाई ‘अ’ तुकडीवरच होत्या. सगळ्यांनी उतारा वाचला, प्रश्न वाचला, पुन्हा उतारा वाचला. आणि मग एकेकाने मान वर करून बाईंकडे पाहिलं आणि खाली घातली. पोरं लक्ष देऊन लिहितायत, या समाधानात बाई फेऱ्या मारत होत्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ती प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची, म्हणून सगळी शाळा तिला वकील म्हणायची.

“बाई, चौथ्या उत्तरात उतारा लिहिणाऱ्याबद्दल लिहिलं तर चालेल?”

“चालेल. पण आधार हवा.”

“आधार भरपूर आहे, बाई,” वकील म्हणाली आणि पुरवणी मागून घेतली.

पेपरांची अदलाबदल झाली. ‘ब’चा गठ्ठा बाईंनी घरी आणला आणि चहाचा कप घेऊन तपासायला बसल्या. पहिलाच पेपर: ‘लेखकाला जुना शिंपी आवडतो, कारण तो प्रामाणिक व कष्टाळू आहे.’ दुसरा: ‘जुना शिंपी थोर होता.’ तिसऱ्याने तर जुन्या शिंप्याच्या शिवणीचं असं रसभरीत वर्णन केलं होतं, की बाईंना भरून आलं. शीर्षक द्या म्हटलं होतं, तर कुणी ‘आदर्श शिंपी’ दिलेलं, कुणी ‘कष्टाचे फळ’.

“अहो, बघा! तिच्याच मुलांनी निकाल दिला. सगळेच्या सगळे माझ्या बाजूने!”

“तुझ्या की शिंप्याच्या?”

“तेच ते.”

यजमानांनी दोन-चार पेपर चाळले. “गुणी आहेत पोरं. सांगितलं त्यावर विश्वास ठेवला. आमच्याकडे असे तपासनीस असते तर कंपनी बुडाली असती.” मग पेपर खाली ठेवून म्हणाले, “तुझी पोरं असं नाही ना करत? तू त्यांना ते काय शिकवतेस... लपवलेलं शोधा म्हणून?”

बाईंच्या हातातला कप तोंडापर्यंत गेलाच नाही. मुलांनी वर्गात एकेक करून माना का वर केल्या होत्या, हे त्यांना आत्ता कळलं. वकील पुरवणी घेऊन काय खरडत होती, तेही कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या शाळा भरायच्या आधीच शिक्षकांच्या खोलीत हजर झाल्या. नव्या बाई त्यांच्याही आधी येऊन ‘अ’चा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

“द्या हो ते इकडे,” बाई शक्य तितक्या सहज म्हणाल्या. “तुम्हाला वर्गाच्या भिंती सजवायच्या असतील. मी तपासते दोन्ही गठ्ठे.”

“नको ताई. नियम आहे ना? आणि मला वाचायला फार आवडतंय.”

नव्या बाईंनी ओठ घट्ट मिटले होते. ते हसू दाबायला की रडू, हे बाईंना कळेना. त्यांनी वाकून वरच्या पेपराकडे पाहिलं. शीर्षकाच्या जागी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘जळका शिंपी’. आणि शेजारी लाल शाईत बरोबरची खूण होती.

दुपारी मोठ्या बाईंनी दोघींना खोलीत बोलावलं.

“यांनी ‘अ’ तुकडीला चौथ्या प्रश्नात एक अर्धा गुण सोडला तर पूर्ण गुण दिलेत,” मोठ्या बाई नव्या बाईंकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आणि मला ते पटत नाही. नमुना उत्तर तुम्हीच दिलंय बाई, जुना शिंपी प्रामाणिक व कष्टाळू. ‘ब’ने नेमकं तेच लिहिलंय. तुमच्या मुलांनी काय लिहिलंय, ऐका.” त्यांनी पेपर उचलला. “‘लेखकाला जुना शिंपी आवडतो, कारण बहुधा लेखक म्हणजेच जुना शिंपी आहे. आधार: नव्या शिंप्याची शिवण उसवली तेव्हा लेखकाला झालेला आनंद लपत नाही.’ हा दुसरा. ‘जुना शिंपी शांत नव्हता, तो जळत होता. आधार: त्याने समोरचे दिवे मोजले.’ हा तिसरा. ‘जुन्या शिंप्याला कुणी वा म्हटलं असतं तर त्याने खिडकी लावून घेतली असती.’”

बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“मोठ्या बाई,” नव्या बाई म्हणाल्या, “माझ्या मुलांनी उतारा वाचला. ताईंच्या मुलांना तो कळला. प्रत्येकाने ओळ दाखवलीय. गुण त्यांचेच आहेत.”

इतका चांगुलपणाही हिनेच दाखवावा! बाईंना याचाही हेवा वाटला.

“तसं कसं म्हणता?” मोठ्या बाई म्हणाल्या. “शेवटी उतारा ज्यांनी लिहिला, त्याच सांगतील. बाई, एकच सांगा. लेखक जळतोय, हे उत्तर चूक की बरोबर? चूक असेल तर ‘ब’ तुकडी पुढे. बरोबर असेल तर ‘अ’.”

बाईंनी जन्मात एवढा कठीण प्रश्न काढला नव्हता. चूक म्हणावं तर अब्रू वाचते, शिबिर जातं, आणि ज्या पोरांनी शिकवल्याबरहुकूम बोट ठेवलं ती खोटी पडतात. बरोबर म्हणावं तर शिबिर मिळतं, पण नव्या बाईंच्या देखत, स्वतःच्या तोंडाने... बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग खिडकीकडे बघणं बरं दिसणार नाही, हे लक्षात येऊन पायाकडे पाहिलं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

“ऐकू आलं नाही.”

“बरोबर आहे! जळतो तो. पहिल्या दिवसापासून जळतो. गुण द्या मुलांना.”

“मग ठरलं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “शिबिराला तुम्ही. आणि बाई, तिथे शिकवायला हाच उतारा घ्या. इतका चांगला उतारा मी बऱ्याच दिवसांत वाचला नाही.”

वर्गात पेपर वाटायची वेळ आली तेव्हा बाई कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या. मुलंही देत नव्हती. वकील मात्र आपला पेपर घेऊन टेबलाशी आली.

“बाई, माझा अर्धा गुण कापलाय. आणि शेरा बघा काय दिलाय! असा शेरा असतो का?”

बाईंनी पेपर हातात घेतला. तिने पुरवणीच्या शेवटी लिहिलं होतं, ‘मला वाटतं, नवा शिंपीसुद्धा जुन्यावर जळत असेल. म्हणूनच तो एवढे आरसे लावतो आणि सारखं वा, वा म्हणतो. सरळ शिलाई त्याला अजून येत नसेल.’

त्याखाली नव्या बाईंच्या लाल शाईत शेरा होता: ‘उताऱ्यात आधार नाही. पण बरोबर आहे.’

बाईंनी ते वाचलं, प्रश्न वाचला, पुन्हा ते वाचलं. भिंतीपलीकडे आज हसू नव्हतं. नव्या बाईंचा आवाज येत होता, जरा चाचरत, जरा नवखा: “असं नाही. आधार दाखव.”

“बाई, अर्धा गुण?” वकील म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पेपरकडे पाहिलं, आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, “वा!”

एकदाच. तीनदा म्हणण्याइतक्या त्या अजून सुधारल्या नव्हत्या.